निबंध खुला, निवाडा बंद

'एजिंग' या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात १२ जुलै २०२३ रोजी एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. हार्वर्ड मेडिकल स्कूलमधल्या डेव्हिड सिंक्लेअर यांच्या प्रयोगशाळेचा. प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींना रसायनांची सहा वेगवेगळी मिश्रणं दिली आणि आठवड्याच्या आत त्या पेशींचं जैविक वय मागं सरकलं, असा त्यात दावा होता. कुणा म्हाताऱ्या माणसाला काही दिलेलं नव्हतं, सगळं काचेच्या भांड्यात घडलं होतं. पण 'म्हातारपण उलटवणारी गोळी' अशा धर्तीचे मथळे तयार व्हायला तेवढं पुरलं.

अशा निबंधात बारीक अक्षरांत तीन तारखा छापलेल्या असतात : तो संपादकांकडे आला कधी, स्वीकारला कधी आणि प्रसिद्ध झाला कधी. सामान्य वाचक तिकडं पाहत नाही, जाणकार आधी तिथंच पाहतो. या निबंधाच्या पहिल्या दोन तारखांमध्ये आठवडासुद्धा गेलेला नव्हता. परीक्षकांना पाठवणं, त्यांनी वाचणं, शंका काढणं, लेखकांनी उत्तरं देणं, दुरुस्त्या तपासणं हे सगळं एवढ्या दिवसांत कसं बसवलं, असा प्रश्न जाणकारांना पडणं साहजिक होतं. त्यात भर अशी की सिंक्लेअर हे याच नियतकालिकाच्या संस्थापक संपादकांपैकी एक.

यावरून कुणावर आरोप करण्याचं कारण नाही. कदाचित हा निबंध आधी दुसरीकडे गेला असेल, तिथं त्याचं कसून परीक्षण झालं असेल आणि ते अहवाल सोबत जोडून आला असेल. तसं सर्रास होतं. कदाचित परीक्षक तयारच बसले असतील. खरं काय ते वाचकाला कळायला मार्ग नाही, आणि माझी तक्रार एवढीच आहे. निबंध जगात कुणीही, कुठूनही, एक पैसा न देता वाचू शकतो. तो छापावा असं कुणी ठरवलं, काय वाचून ठरवलं, कुठल्या शंका निघाल्या आणि त्यांतल्या कुठल्या सोडून दिल्या, हे मात्र बंद कपाटात. ज्याला आपण मुक्त प्रवेश किंवा सरळ ओपन ॲक्सेस म्हणतो, त्यात फक्त वाचणं मुक्त झालं. निवाडा पूर्वीइतकाच बंद राहिला. वार्धक्याच्या शास्त्रात ही उणीव इतर शाखांपेक्षा जास्त महागात पडते, असं मला वाटतं.

वाचणं मुक्त व्हावं यासाठी झालेली लढाई खोटी नव्हती, हे आधी मान्य केलं पाहिजे. २००२ साली त्याचा 'बुडापेस्ट' जाहीरनामा निघाला, पण वैद्यकात त्याआधीच सुरुवात झाली होती. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयानं २००० साली 'पबमेड सेंट्रल' हे मोफत भांडार उघडलं. त्याच सुमारास लंडनमध्ये व्हिटेक ट्रॅझ यांनी 'बायोमेड सेंट्रल' ही प्रकाशनसंस्था चालू केली. युक्तिवाद साधा होता आणि बिनतोड होता. करदात्यांच्या पैशानं संशोधन होतं, विद्यापीठांच्या पगारावर प्राध्यापक ते लिहितात, दुसरे प्राध्यापक फुकटात ते तपासतात आणि शेवटी तेच संशोधन विद्यापीठाच्या ग्रंथालयाला लाखो रुपये मोजून प्रकाशकाकडून विकत घ्यावं लागतं. एखाद्या तालुक्याच्या गावी दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरला तर तेही शक्य नाही. त्याच्या वृद्ध रुग्णाला रक्तदाबाचं कुठलं औषध दिलं तर चक्कर येऊन पडण्याचा धोका वाढतो, याचा अभ्यास जगात झालेला आहे, पण त्याला दिसतो तो फक्त सारांश आणि खाली डॉलरमधली किंमत.

ही लढाई बऱ्याच अंशी जिंकली गेली. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांनी, म्हणजे एनआयएचनं, २००८ पासून आपल्या पैशावर झालेलं संशोधन वर्षभराच्या आत मोफत उपलब्ध करणं सक्तीचं केलं. १ जुलै २०२५ पासून ती वर्षाची सवलतही काढून टाकली. वार्धक्याच्या क्षेत्रात 'एजिंग सेल' हे मानाचं नियतकालिक २०१४ मध्ये वर्गणी सोडून पूर्ण मुक्त झालं. 'लॅन्सेट'नं २०२० साली 'हेल्दी लाँजेव्हिटी' काढलं ते जन्मतःच मुक्त.

पण वर्गणी गेली म्हणजे खर्च गेला असं होत नाही. तो वाचकाकडून उचलून लेखकाच्या गळ्यात घातला गेला. निबंध स्वीकारला की लेखकानं, किंवा त्याच्या संस्थेनं, प्रकाशन शुल्क भरायचं. नावाजलेल्या नियतकालिकांत ते हजारो डॉलरांत असतं. 'नेचर' गटानं २०२० च्या अखेरीस आपल्या नियतकालिकांसाठी ते ९,५०० युरो ठरवलं आणि जानेवारी २०२१ मध्ये निघालेलं 'नेचर एजिंग' त्याच दराखाली आलं. तेव्हाच्या भावानं साडेआठ लाख रुपयांच्या आसपास, एका निबंधाला.

आता या व्यवहाराची मेख पाहा. निबंध नाकारला तर प्रकाशकाला काही मिळत नाही, उलट त्याच्या तपासणीचा खर्च अंगावर पडतो. स्वीकारला तर पैसे मिळतात. म्हणजे 'नाही' म्हणणं हा तोटा आणि 'हो' म्हणणं हा नफा. वर्गणीच्या जमान्यात प्रकाशक लोभी नव्हते असं नाही, पण त्यांचा लोभ वेगळ्या जागी होता. आणखी एक निबंध छापला म्हणून वर्गणी लगेच वाढत नसे, उलट भुक्कड माल छापला तर ग्रंथालय वर्गणी बंद करेल अशी थोडी तरी धास्ती होती. नव्या व्यवस्थेत ग्राहक बदलला. ग्राहक आता लेखक आहे, आणि बहुतेक लेखकांना कठोर परीक्षण नको असतं, लवकर आणि होकारार्थी उत्तर हवं असतं. बढती अडलेली असते, पीएच.डी. अडलेली असते.

प्रामाणिक संपादक या मोहाला बळी पडत नाहीत आणि असे संपादक पुष्कळ आहेत. पण एखादी व्यवस्था चांगली की वाईट हे तिच्यातल्या चांगल्या माणसांवरून ठरवू नये. ही व्यवस्था सैल सोडली की काय होतं ते 'हिंदावी'नं दाखवलं. कैरोमध्ये सुरू झालेली ही मुक्त प्रकाशनसंस्था 'वायली' या बड्या प्रकाशकानं २०२१ मध्ये सुमारे ३० कोटी डॉलरना विकत घेतली. विशेषांकांचा सपाटा लावलेला होता. पाहुणे संपादक, त्यांनी निवडलेले परीक्षक, एकामागून एक अंक. त्यांतून पैसे घेऊन निबंध बनवून देणाऱ्या टोळ्या आत शिरल्या. २०२३ या एका वर्षात हिंदावीला आठ हजारांहून अधिक निबंध मागं घ्यावे लागले आणि शेवटी वायलीनं ते नावच पुसून टाकायचं ठरवलं. त्याच वर्षी 'वेब ऑफ सायन्स' या नियतकालिकांच्या सूचीतून जी नियतकालिकं काढली गेली त्यांत 'ऑक्सिडेटिव्ह मेडिसिन अँड सेल्युलर लाँजेव्हिटी' होतं. नावात दीर्घायुष्य होतं, पण यादीत टिकलं नाही. (असली कोटी टाळायला हवी, पण आयती चालून आली.)

हिंदावीपेक्षाही खालचा थर आहे आणि त्यात आपला देश मागं नाही. हैदराबादच्या 'ओमिक्स' समूहाविरुद्ध अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं दावा लावला. परीक्षणाचं नाटक करून पैसे उकळतात, नामवंतांची नावं त्यांना न विचारता संपादक मंडळावर टाकतात, असे त्यातले आक्षेप. २०१९ मध्ये न्यायालयानं पाच कोटी डॉलरहून अधिक रकमेचा निवाडा दिला. पण ओमिक्सबद्दल लिहिणं सोपं आहे. तिथं सगळं काळंच आहे. माझा प्रश्न करड्या भागाबद्दल आहे, जिथं चांगलं संशोधन आणि घाईचं संशोधन एकाच मुखपृष्ठाखाली येतं आणि वाचकाला दोन्ही सारखीच दिसतात.

'एजिंग' हे त्याचं उत्तम उदाहरण. २००९ साली निघालेलं हे नियतकालिक टाकाऊ म्हणणारा माणूस या विषयातला नव्हे. मिखाइल ब्लागोस्क्लोनी यांच्याबरोबर ते काढणाऱ्यांत ज्युडिथ कँपिसी होत्या, थकलेल्या पेशींच्या अभ्यासात ज्यांच्या नावाशिवाय पान हलत नाही. रक्तातल्या डीएनएवरच्या रासायनिक खुणा मोजून माणसाचं जैविक वय सांगणारी 'फेनोएज' आणि 'ग्रिमएज' ही घड्याळं याच नियतकालिकात २०१८ आणि २०१९ मध्ये छापली गेली. आज जगभर ती वापरली जातात. आणि याच नियतकालिकात नोव्हेंबर २०२० मध्ये ३५ वृद्धांवरचा एक अभ्यास आला : दाबाखालच्या कक्षात शुद्ध प्राणवायू घेतल्यानं रक्तपेशींतले टेलोमियर वीस टक्क्यांहून अधिक लांबले. टेलोमियर म्हणजे गुणसूत्रांची टोकं, वयानुसार ती झिजतात. अभ्यासात तुलनेसाठी प्राणवायू न घेतलेला गट नव्हता. इस्रायलमधल्या ज्या मंडळींनी तो केला त्यांच्या पद्धतीवर आधारलेलं खासगी क्लिनिक फ्लोरिडामध्ये निवृत्तांच्या प्रसिद्ध वसाहतीत सुरू झालेलं होतं.

वार्धक्याचं शास्त्र वेगळं का, ते इथं येतं. कर्करोगाच्या औषधाची परीक्षा घ्यायची तर गाठ लहान झाली का, रुग्ण किती महिने जगला, हे मोजता येतं. आयुष्य वाढवणाऱ्या उपायाची खरी परीक्षा घ्यायची तर वीस-तीस वर्षं थांबायला हवं आणि तेवढं थांबायला ना संशोधकाला अनुदान मिळतं ना कंपनीला भांडवल. म्हणून मग आयुष्याऐवजी आयुष्याची खूण मोजतात. टेलोमियरची लांबी, डीएनएवरचं घड्याळ, रक्तातला एखादा घटक. खूण हलली की आयुष्य वाढलं असं धरून चालायचं. ही धरलेली गोष्ट खरी आहे का, हाच या शास्त्राचा आज सर्वांत मोठा न सुटलेला प्रश्न आहे. परीक्षकानं जे विचारायला हवं तेही नेमकं हेच. 'एजिंग सेल'मध्ये २०१९ साली आलेला एक अभ्यास नऊ पुरुषांवरचा होता. वाढीचं संप्रेरक आणि मधुमेहाचं औषध यांच्या वर्षभराच्या उपचारानं त्यांचं घड्याळी वय सरासरी दीड वर्षानं मागं गेलं. नऊ पुरुष, तेही तुलनेच्या गटाशिवाय. लेखकांनी हे लपवलेलं नव्हतं. प्राथमिक अभ्यास म्हणून त्याचं मोल आहेच. पण वाचकाच्या हाती ते 'प्राथमिक' या विशेषणासकट पोचत नाही.

कारण या शास्त्राचा वाचकही वेगळा. शरीरक्रियाशास्त्रातला एखादा किचकट निबंध मोफत झाला म्हणून सत्तरीतला निवृत्त बँक अधिकारी तो उघडत नाही. वार्धक्याचा उघडतो. मुलगा अमेरिकेहून दुवा पाठवतो, पूरक आहार विकणारी कंपनी आपल्या जाहिरातीखाली तोच दुवा देते आणि क्लिनिकच्या माहितीपत्रकावर लिहिलेलं असतं : तज्ज्ञांनी परीक्षण केलेल्या नियतकालिकात प्रसिद्ध. सोन्यावरच्या हॉलमार्कसारखा तो शिक्का काम करतो, फक्त कॅरेट किती ते त्यावर लिहिलेलं नसतं. प्रयोगशाळा आणि बाजार यांच्यातलं अंतर या क्षेत्रात फार कमी आहे, ते आजचं नाही. द्राक्षाच्या सालीतल्या रेस्व्हेरॅट्रॉलवर आधारलेली सर्ट्रिस ही कंपनी, सिंक्लेअर तिच्या संस्थापकांपैकी, ग्लॅक्सो या औषध कंपनीनं २००८ मध्ये ७२ कोटी डॉलरना घेतली आणि पाच वर्षांत तिचं कार्यालय बंद केलं. औषध निघालं नाही. गोळ्या मात्र अजून विकल्या जातात.

या सगळ्यावर काही जणांचं म्हणणं असतं की मग जुनं बंद जग बरं होतं. मोठी, महागडी, शंभरातले नव्वद निबंध नाकारणारी नियतकालिकं, त्यांचा शिक्का विश्वासाचा. या म्हणण्यात मला काडीचं तथ्य दिसत नाही. अल्झायमरमध्ये स्मृती जाते ती अमायलॉइड या प्रथिनाच्या एका विशिष्ट रूपामुळं, असं सांगणारा निबंध २००६ साली साक्षात 'नेचर'मध्ये आला. हजारोंनी त्याचा हवाला दिला. २०२२ मध्ये 'सायन्स' साप्ताहिकानं त्यातल्या छायाचित्रांत फेरफार झाल्याच्या शंका सविस्तर मांडल्या आणि जून २०२४ मध्ये तो मागं घेतला गेला. अठरा वर्षं. त्या निबंधाच्या परीक्षकांनी तेव्हा काय लिहिलं होतं ते आजही कुणी वाचू शकत नाही. बंद निवाड्याला वर्गणीची भिंत घातल्यानं तो अधिक शहाणा होत नाही.

यावरचा उपाय नवा नाही, पंचवीस वर्षांपासून चालू आहे. बायोमेड सेंट्रलनं आपल्या वैद्यकीय मालिकेत, 'बीएमसी जेरियाट्रिक्स' हे वृद्धांच्या वैद्यकावरचं नियतकालिक त्यातलंच, सुरुवातीपासून एक वेगळी रीत पाडली. परीक्षकाचा अहवाल नावासकट निबंधाबरोबर प्रसिद्ध करायचा. मूळ हस्तलिखित, लेखकाची उत्तरं, दुरुस्त मसुदा, सगळी मागची कथा वाचकापुढं. दुसरी रीत अशी की निबंध किती सनसनाटी आहे हे संपादकानं पाहायचं नाही, पद्धत नीट आहे का एवढंच पाहायचं. वृद्धांच्या वैद्यकात हे दुसरं फार मोलाचं, कारण तिथलं बरंचसं उपयोगी ज्ञान 'अमुक केल्यानं काही फरक पडला नाही' या स्वरूपाचं असतं, आणि चकचकीत नियतकालिकांना ते नको असतं.

असे परीक्षण अहवाल वाचणं हा एक वेगळाच आनंद आहे. निबंध इस्त्री केलेला असतो, अहवालात माणसं बोलतात. वृद्ध पडल्याची नोंद कुणी ठेवली, स्वतः त्यांनी की घरच्यांनी? स्मृतिभ्रंश असलेल्यांना अभ्यासातून का वगळलं आणि वगळल्यावर निष्कर्ष 'सर्व वृद्धांना' कसा लावला? सहा महिन्यांत जे सोडून गेले ते बरे होते म्हणून गेले की आजारी पडले म्हणून? अशा प्रश्नांपुढं लेखक कधी नमतं घेतो, कधी हट्टानं नकार देतो, कधी अलगद विषय बदलतो. निष्कर्ष किती पेलणारा आहे हे या देवघेवीतून जितकं कळतं तितकं गोषवाऱ्यातून कधीच कळत नाही.

याविरुद्धचा गंभीर आक्षेप मला ठाऊक आहे आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. परीक्षकाचं नाव उघड झालं तर पंचविशीतला संशोधक एखाद्या मातब्बर प्राध्यापकाच्या निबंधावर परखड कसं लिहील? उद्या त्याची नेमणूक करणाऱ्या समितीत तेच प्राध्यापक बसलेले असतील. 'बीएमजे' या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकानं १९९९ साली याचा रीतसर प्रयोग करून पाहिला. काही परीक्षकांना सांगितलं की तुमचं नाव लेखकाला कळेल, काहींना सांगितलं नाही. अहवालांचा दर्जा घसरला नाही, मात्र परीक्षण करायला नकार देणाऱ्यांचं प्रमाण वाढलं. म्हणजे भीती अगदीच काल्पनिक नाही. पण यावरून निघतं ते इतकंच की नाव द्यायचं की नाही हे परीक्षकावर सोडावं. अहवाल न छापण्याचं कारण त्यातून निघत नाही. 'नेचर'नंसुद्धा जून २०२५ पासून नव्यानं येणाऱ्या निबंधांसाठी परीक्षण अहवाल आपोआप प्रसिद्ध करायचं ठरवलं, नाव न देण्याची मुभा ठेवून. शिष्टांचा बालेकिल्लाही राजी झाला, मग वार्धक्याच्या नियतकालिकांची अडचण काय?

उघड परीक्षणालाही फसवता येतं, हेही खरं. मार्च २०१५ मध्ये खुद्द बायोमेड सेंट्रलला ४३ निबंध मागं घ्यावे लागले. परीक्षक म्हणून दिलेली नावं खरी, ई-मेल पत्ते बनावट. पण अहवाल छापलेला असला की माग राहतो. बंद कपाटात मागसुद्धा नसतो.

आता आपल्याकडं. भारतातल्या म्हातारपणाची सर्वांत मोठी नोंदवही मुंबईत आहे. देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेनं हार्वर्ड आणि सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठांबरोबर केलेला 'लासी' हा अभ्यास : पंचेचाळिशीच्या पुढचे ७२ हजारांहून अधिक लोक, देशभरातले, पहिली फेरी २०१७-१८ ची. पकडीची ताकद, चालण्याचा वेग, दृष्टी, स्मृती, घरातला पैसा, मुलांशी संबंध, सगळं. त्याची विदा, म्हणजे डेटा, अर्ज करणाऱ्या कुणाही संशोधकाला मोफत मिळते, आणि हे काम आपण ज्या उदारपणानं केलं त्याचा अभिमान वाटावा. या विदेवर बेतलेले कितीतरी निबंध बीएमसी जेरियाट्रिक्स आणि त्याच्या भावंडांत येतात. विदा इथली, वृद्ध इथले, लेखक बहुधा इथले, शुल्क मात्र पौंडात किंवा डॉलरमध्ये.

गरीब देशांतल्या लेखकांना मोठे प्रकाशक शुल्कमाफी देतात. त्यांच्या यादीत भारत नाही. निकष साधारण असा की देशाचं दरडोई उत्पन्न कमी असलं तरी एकूण अर्थव्यवस्था मोठी असेल तर सवलत नाही. म्हणजे आपण एकशेचाळीस कोटी आहोत म्हणून श्रीमंत. नांदेडच्या सरकारी महाविद्यालयातल्या सहयोगी प्राध्यापकाला अदानी-अंबानींच्या उलाढालीचा हा एक तोटा कुणी समजावून सांगितलेला नसतो. वैयक्तिक विनंती करून थोडी सूट मागता येते. पण आपल्याच देशातल्या वृद्धांबद्दल आपण काय शोधलं हे सांगण्यासाठी विनवणी करावी लागणं मला अपमानास्पद वाटतं.

पैसे नाहीत आणि बढतीसाठी निबंध तर हवा, म्हणून माणसं स्वस्त दुकानं शोधतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मान्यताप्राप्त यादीत ती दुकानं सन्मानानं बसलेली होती. पुण्याचे भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये दाखवलं की विद्यापीठांनी सुचवलेल्या, तपासून पाहिलेल्या एक हजार नऊ नियतकालिकांपैकी ८८ टक्क्यांहून अधिक हलक्या दर्जाची होती. त्यानंतर यादी झाडली गेली, पुणे विद्यापीठाच्या मदतीनं 'केअर' यादी आली आणि २०२५ मध्ये आयोगानं तीही गुंडाळली. याद्या येतात आणि जातात. कुठलीही यादी वाचकाला हे सांगत नाही की हा विशिष्ट निबंध कुणी, कसा तपासला.

सरकारनं काय केलं? नोव्हेंबर २०२४ मध्ये 'एक राष्ट्र, एक वर्गणी' योजना मंजूर केली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिकं, ६,३०० हून अधिक सरकारी शिक्षण आणि संशोधन संस्था. विद्यार्थ्यांना याचा फायदा झाला आहे, तो नाकारणं करंटेपणाचं ठरेल. पण ही २००२ सालच्या प्रश्नाची २०२५ मधली उत्तरपत्रिका आहे. वाचण्यासाठी पैसे मोजायचे, तेही वर्गणीवाल्यांना. आणि सरकारी संस्थेबाहेरचा, कणकवलीसारख्या तालुक्याच्या गावातला खासगी डॉक्टर अजून बाहेरच.

दुसरी वाट मुंबईतच सापडते. परळच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय आणि केईएम रुग्णालयाच्या अध्यापकांचं 'जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन' १९५५ पासून निघतं. मुंबईचे बालरोगतज्ज्ञ डी. के. साहू यांनी १९९७ मध्ये 'मेडनो' ही प्रकाशनसंस्था काढली आणि तिच्या साह्यानं हे नियतकालिक वाचकाला मोफत आणि लेखकालाही मोफत असं चालवून दाखवलं. परदेशात लेखकाकडून शुल्क घेण्याला एकमेव व्यवहार्य मार्ग म्हणत होते, त्या काळात. छापील अंकाची वर्गणी, थोड्या जाहिराती, संस्थेचा आधार आणि ओपीडी संपवून प्रुफं वाचणारे अध्यापक एवढ्यावर. मेडनो २०११ मध्ये वोल्टर्स क्लुवर या बहुराष्ट्रीय कंपनीकडं गेली, म्हणजे पुढचा रस्ता सरळ नव्हता. तरी एक गोष्ट सिद्ध झाली : 'हो' म्हटल्यावर पैसे मिळणार नसतील, तर संपादकाला 'नाही' म्हणणं परवडतं. ६,००० कोटींचा एक टक्का ६० कोटी होतो. तेवढ्यात लासीच्या विदेवरचे निबंध छापणारं, शुल्क न घेणारं आणि प्रत्येक अहवाल उघड करणारं वार्धक्याचं एक भारतीय नियतकालिक कितीतरी वर्षं चालेल.

आणि परीक्षक फक्त प्राध्यापकच का असावेत? बीएमजे २०१४ पासून रुग्णांनाही परीक्षक म्हणून बोलावतं. वार्धक्याच्या नियतकालिकाला तर असे परीक्षक गल्लोगल्ली मिळतील. २०२१ मध्ये 'एजिंग'मध्येच एक अभ्यास आला होता : पन्नास ते बहात्तर वयाच्या ४३ पुरुषांपैकी काहींना आठ आठवडे ठरावीक आहार, झोप आणि व्यायाम दिला, आणि बाकीच्यांच्या तुलनेत त्यांचं घड्याळी वय ३.२३ वर्षांनी कमी भरलं. पुढच्या वर्षी प्रमुख लेखिकेचं तरुण होण्यावरचं पुस्तक बाजारात आलं. तो निबंध कुणा पंचाहत्तरीतल्या बाईकडं परीक्षणाला पाठवला असता तर तिनं पहिल्या ओळीत विचारलं असतं, बायका कुठं आहेत? दुसऱ्या ओळीत, आठ आठवड्यांनंतर ही माणसं जिना चढताना कमी दमत होती का, तेवढं सांगा. आणि मग, त्यांनी हे नवव्या आठवड्यात सोडून दिलं की चालू ठेवलं? हे प्रश्न छापील अहवालात आले असते, म्हणजे त्यांना छापील उत्तरं द्यावी लागली असती, आणि पुस्तक विकत घेणाऱ्याला ती आधी वाचता आली असती.